धुराची वाट काळजापर्यंत

१९५३ साली डॉ. एस. पद्मावती दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. जन्म ब्रह्मदेशातला, डॉक्टरकीचं शिक्षण रंगूनचं. १९४२ मध्ये जपानी फौजा चाल करून आल्या, तेव्हा घरदार मागे टाकून त्या कोइमतूरला आल्या. पुढे लंडन, एडिंबरा, स्वीडन आणि शेवटी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि हार्वर्ड इथं त्यांनी हृदयविकाराचा अभ्यास केला. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, कोविडनं त्यांचं निधन झालं. त्यांच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीतलं एक काम मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

दिल्लीत त्यांच्यासमोर येणाऱ्या काही रुग्णांचे पाय सुजलेले असत, ओठ निळसर पडलेले असत, चार पावलं चाललं की धाप लागे. तपासलं की हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला आणि थकलेला दिसे. हा आजार पाश्चात्त्य पुस्तकांत होता. वर्षानुवर्षं खराब झालेल्या फुप्फुसांतून रक्त ढकलताना उजवा कप्पा दमतो आणि एक दिवस हार मानतो. पण पुस्तकांतला रुग्ण पुरुष होता. तो खाणीत राबणारा, नाहीतर विड्या-सिगारेटी ओढणारा. दिल्लीत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांइतकंच निघालं. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात विडी हातात धरलेली नव्हती, आणि पुरुषांच्या दहा-पंधरा वर्षं आधी त्या या आजारानं खाटेला खिळत होत्या. १२७ रुग्णांचा हा अभ्यास पद्मावती आणि त्यांचे सहकारी एस. एन. पाठक यांनी १९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात छापला. संशयाचं बोट चुलीकडे होतं, कोंदट स्वयंपाकघरात गोवऱ्या आणि लाकडं जाळून निघणाऱ्या धुराकडे.

दिल्लीची ती चूल आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याची चूल यांत फरक काय? मेडशी, किन्हीराजा, शिरपूर, डव्हा, कुठल्याही गावात जा. कापूस निघाला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या, बारमाही गोवऱ्या आणि बाभळीची लाकडं. पावसाळ्यात हे सगळं दमट होतं आणि मग फुंकणी हातातून सुटत नाही. अशा स्वयंपाकघरात दोन्ही वेळचा स्वयंपाक करत ज्यांची उभी हयात गेली, त्या बाया पद्मावतींच्या रुग्णांच्याच जातकुळीच्या. १९५९ च्या त्या निबंधानंतर निदान आपल्या देशात तरी धूर आणि हृदय यांचं नातं शोधायला झुंबड उडायला हवी होती. तसं झालं नाही. तीच गोष्ट मान्य व्हायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली, आणि ती मान्य झाली अमेरिकेतल्या शहरांमध्ये, जिथं चुली नव्हत्याच. या सगळ्या काळात चुलीपुढच्या बाया मोजदादीच्या बाहेर राहिल्या, हे या इतिहासातलं मोठं दुःख आहे.

धुराचा त्रास आपल्याकडे कुणाला कळला नव्हता असंही नाही. विदर्भातच वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्ते. संघाचं ठाणं मगनवाडीत होतं, मगनलाल गांधींच्या नावाची ही जागा. घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या बरोबरीनं तिथं बिनधुराच्या चुलीवरही काम झालं, ती मगन चूल. मातीची, दोन-तीन भांडी बसतील अशी, धूर नळीतून छपराबाहेर नेणारी. त्या काळी डोळे चुरचुरणं, खोकला, काळ्या पडलेल्या भिंती आणि वाया जाणारं सरपण एवढ्यासाठी ती करावी असं वाटत होतं. काळजाचा विचार त्यात नव्हता. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये तो राज्यांच्या हवाली होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. बसवलेल्या चुलींचा आकडा मोठा होता. त्यांतल्या टिकल्या थोड्या. नळी काजळीनं भरली की ती साफ कोण करणार, आणि चिरलेल्या चुलीवर दुरुस्तीचा हात कुणाचा फिरणार, या प्रश्नांवर हा सगळा खटाटोप अडखळला.

पद्मावती दिल्लीत आल्या त्याच्या आदल्याच हिवाळ्यात लंडनवर पाच दिवसांचं संकट येऊन गेलं होतं. ५ डिसेंबर १९५२ ला, शुक्रवारी, थंड हवेचा थर शहरावर बसला आणि वर उबदार हवेचं झाकण लागलं. घरोघरच्या शेगड्यांतला कोळशाचा धूर खालीच कोंडला. भरदिवसा हाताशी हात दिसेना. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धूर आत शिरून प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून चालू संगीतिका थांबवावी लागली. जनावरांच्या प्रदर्शनात आणलेली काही जनावरं गुदमरून मेली. ९ तारखेला वारा सुटला आणि आकाश मोकळं झालं. नंतर मृत्यूच्या नोंदी एकत्र झाल्या, तेव्हा सुमारे ४,००० माणसं नेहमीपेक्षा जास्त गेल्याचं दिसलं. पुढच्या अडीच-तीन महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले. सरकारनं ते फ्लूच्या खात्यात टाकले. अर्ध्या शतकानं, २००१ मध्ये, मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस यांनी हिशोब नव्यानं मांडला आणि आकडा १२,००० च्या घरात जातो असं दाखवलं.

लंडनच्या मृत्यूंत दमा-ब्राँकायटिसचे जुने रुग्ण जसे होते, तसे हृदयविकाराचेही होते. अधिकृत अहवालात हे छापलेलं होतं. पण धूर म्हटला की डोळ्यांपुढे खोकणारं माणूसच येतं. न खोकता, छातीवर हात ठेवून जिन्यात बसून गेलेला माणूस धुरानं गेला असं कोण म्हणेल? वय झालं होतं, थंडी होती, हृदय कमकुवत होतं, असंच लोक म्हणतात. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा ब्रिटननं केला तो मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरासाठी. धूर विरळ झाला आणि प्रश्न मिटला असं जगानं धरलं.

मुंबईत हा प्रश्न मिटलेला नव्हता. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर आणि खार या तीन वस्त्यांतल्या आणि तुलनेसाठी एका ग्रामीण भागातल्या मिळून चार हजारांहून अधिक माणसांची तपासणी सुरू केली, आणि पुढची काही वर्षं त्यांचा माग ठेवला. गिरण्यांची धुराडी, तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने यांच्या सावलीतल्या वस्त्यांत खोकला आणि धाप जास्त, असं चित्र त्यातून उभं राहिलं. भारतीय शहराच्या हवेबद्दल रुग्णालयानं स्वतः घरोघर जाऊन केलेलं इतकं चिकाटीचं काम दुर्मीळच. तरी तेव्हा मुख्य लक्ष गंधकाच्या वायूवर आणि फुप्फुसावरच होतं.

चुलीपुढची हवा खरोखर मोजली गेली ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, गुजरातेत. कर्क स्मिथ हा अमेरिकन संशोधक ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे यांच्यासोबत चार खेड्यांत गेला आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवा ओढणारी छोटी यंत्रं बांधली. १९८३ मध्ये आकडे छापून आले. चूल पेटलेली असताना एक घनमीटर हवेत जवळजवळ सात मिलिग्रॅम कण. शहरांच्या हवेसाठी तेव्हा जी मर्यादा धरली जाई, तिच्या कितीतरी पट हा आकडा होता. स्मिथनं पुढची जवळजवळ चार दशकं, २०२० मध्ये मरण येईपर्यंत, हाच एक विषय धरून ठेवला. चुलीचा धूर जागतिक आरोग्याच्या हिशोबात आला, त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

आता या गोष्टीचा मधला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. तो अमेरिकेत घडला.

युटा राज्यात डोंगरांनी वेढलेलं एक खोरं आहे. तिथं जिनिव्हा स्टील नावाचा पोलाद कारखाना होता. मालक-कामगार वादात हा कारखाना ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि सुमारे तेरा महिन्यांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, पुन्हा सुरू झाला. आर्डन पोप हा तिथल्या विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्यानं रुग्णालयांच्या नोंदी घेतल्या आणि कारखाना चालू असतानाचे हिवाळे बंद असतानाच्या हिवाळ्याशेजारी ठेवले. दमा आणि ब्राँकायटिसनं दाखल होणाऱ्या मुलांची संख्या कारखाना चालू असताना दुप्पट-तिप्पट होती. माणसं तीच, खोरं तेच, थंडी तीच, फक्त एक धुराडं बंद. निसर्गानं आणि संपानं मिळून इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच करून दिला असेल.

त्याआधीच हार्वर्डमध्ये एक लांब पल्ल्याचं काम चालू होतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिका पुन्हा कोळशाकडे वळेल, मग हवेचं आणि माणसांचं काय होईल, या काळजीतून बेंजामिन फेरिस आणि फ्रँक स्पायझर यांनी सहा शहरं निवडली. ओहायोतलं पोलादाचं स्ट्यूबेनव्हिल सर्वांत धुरकट, विस्कॉन्सिनमधलं पोर्टेज सर्वांत स्वच्छ, मध्ये वॉटरटाउन, हॅरिमन, सेंट लुईस आणि टोपीका. ८,१११ प्रौढ माणसांची नावं लिहिली. प्रत्येकाचं वय, वजन, शिक्षण, कामधंदा, सिगारेटी किती, सगळं विचारलं. मग चौदा ते सोळा वर्षं वाट पाहिली. कोण जिवंत आहे, कोण गेलं, कशानं गेलं, याची नोंद ठेवणं एवढंच काम. ९ डिसेंबर १९९३ ला डग्लस डॉकरी आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. सिगारेट, वजन, शिक्षण या सगळ्यांचा हिशोब वजा केल्यावरही स्ट्यूबेनव्हिलमध्ये मरणाचं प्रमाण पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होतं. आणि हा फरक ज्याच्याशी सर्वांत घट्ट बांधलेला निघाला तो वायू नव्हता, दिसणारी धूळ नव्हती. ते होते अडीच मायक्रॉनहून बारीक कण, ज्यांना आज आपण पीएम २.५ म्हणतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील.

स्ट्यूबेनव्हिलच्या हवेत या कणांची सरासरी घनमीटरमागे सुमारे ३० मायक्रोग्रॅम होती. भारतात या कणांची वर्षाची मर्यादा आज ४० आहे. अमेरिकेतलं ते सर्वांत धुरकट शहर आपल्या मापानं कायद्याच्या चौकटीत बसलं असतं. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो.

त्याहून मोठा धक्का मृत्यूंच्या कारणांत होता. संशोधक फुप्फुसावर डोळा ठेवून बसले होते, श्वासाची ताकद मोजायची यंत्रं घेऊन फिरले होते. जादा मृत्यूंतला मोठा भाग निघाला तो हृदय आणि फुप्फुस यांच्या एकत्र खात्यातला, आणि त्या खात्यात हृदयाचं पारडं जड होतं. १९९५ मध्ये पोपनं अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या नोंदींतून पाच लाखांहून अधिक माणसांवर हीच गोष्ट पुन्हा दाखवली. उद्योगांनी आक्षेप घेतले, आकडे उघड करा म्हणून गदारोळ केला. मग एका स्वतंत्र संस्थेनं दोन्ही अभ्यासांतली माहिती नव्यानं तपासली आणि २००० मध्ये निकाल कायम ठेवला. २००४ मध्ये पोपनं मृत्यूंची कारणं सुटी करून मांडली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणं, ठोक्यांची लय बिघडणं, हृदय निकामी होणं, ही कारणं पुढे होती. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशननं हवेतले बारीक कण हृदयाला धोकादायक आहेत असं पहिलं अधिकृत निवेदन दिलं. २०१० च्या दुसऱ्या निवेदनात भाषा आणखी ठाम झाली, कण आणि हृदयविकार यांचा संबंध कार्यकारणाचा आहे, अशी.

पण कण तर श्वासातून जातात. छातीत शिरलेली धूळ हृदयाची नळी कशी बंद करते? डॉक्टरांना हे पटत नव्हतं, आणि त्यांचा संशय रास्त होता. १९९५ मध्ये स्कॉटलंडमधले अँथनी सीटन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक तर्क मांडला. अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि दाह सुरू होतो. त्या दाहाचे निरोप रक्तात उतरतात, यकृत जास्त फायब्रिनोजेन तयार करतं, रक्त गोठायला उतावीळ होतं. ज्या माणसाच्या धमनीत आधीच चरबीचा थर बसलेला आहे, त्याला एवढं पुरतं.

तर्काला आधार एकामागून एक येत गेले. २००१ मध्ये अ‍ॅनेट पीटर्स यांनी बोस्टनमधल्या ७७२ हृदयविकाराच्या रुग्णांचे झटक्याचे तास हवेच्या नोंदींशी ताडून पाहिले. कण वाढल्यानंतर दोन तासांच्या आत झटक्याचा धोका चढलेला दिसला. दोन तासांत फुप्फुस कुजत नाही, कर्करोग होत नाही. म्हणजे काहीतरी फार झटपट घडत होतं. श्वासमार्गातल्या मज्जातंतूंना कण डिवचतात, शरीराची स्वयंचलित यंत्रणा बिथरते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो आणि ठोक्यांतला निरोगी लवचीकपणा कमी होतो. ही दुसरी वाट, सीटनच्या वाटेहून खूप वेगवान.

२००७ मध्ये स्वीडनमधल्या उमेओ इथं निकोलस मिल्स, डेव्हिड न्यूबी आणि सहकाऱ्यांनी आधी झटका येऊन गेलेल्या पण आता स्थिर असलेल्या २० पुरुषांना एका बंद खोलीत तासभर ठेवून मधून मधून सायकल मारायला लावली. एकदा शुद्ध हवेत, एकदा डिझेलच्या विरळ धुरात. धुराचं प्रमाण घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅम होतं. दिल्लीच्या दिवाळीत आणि पेटत्या चुलीशेजारी हे प्रमाण नवलाचं नाही. ईसीजीवर दिसलं की डिझेलच्या खोलीत व्यायाम करताना हृदयाच्या स्नायूला रक्त आणखी कमी पडतं. शिवाय गुठळी विरघळवणारं जे द्रव्य रक्तवाहिन्यांचं अस्तर स्वतः सोडतं, तेही कमी सुटलं. कुणाच्याही छातीत दुखलं नाही. त्या माणसांना काही कळलंच नाही.

मग सोन्याचा प्रयोग. कण फुप्फुसातून थेट रक्तात जातात का, हा वाद बरीच वर्षं चालू होता. एडिंबराच्या गटानं २०१७ मध्ये निरोगी तरुणांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगायला दिले. शरीर सोनं बनवत नाही, त्यामुळे ते सापडलं तर बाहेरूनच आलेलं असणार. बहुतेकांच्या रक्तात ते दिवसभराच्या आत सापडलं, काहींच्या बाबतीत तर पंधरा मिनिटांत. तीन महिन्यांनीही ते अंगात होतं. ज्या रुग्णांच्या मानेतल्या धमनीतला थर शस्त्रक्रियेनं काढायचा होता, त्यांनाही आधी हे कण हुंगवले होते. काढलेल्या थरात सोनं मिळालं. जिथं आधीच बिघाड आहे, नेमकी तीच जागा कण शोधून काढतात. पद्मावतींच्या रुग्णांत धूर फुप्फुसाच्या आडून हृदयाला मारत होता. आता कळलं की त्याला आडवाटेची गरज नाही.

हे सगळं कळायला लागलं तेव्हा चुलीकडे नजर पुन्हा वळली. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात कर्क स्मिथच्या गटानं काही घरांना धुराडं असलेली चूल दिली, काहींना उघड्या आगीवरच ठेवलं आणि नंतर दिली. धुराडं मिळालेल्या बायांचा वरचा रक्तदाब सरासरी तीन-चार अंकांनी उतरला. औषधाविना, मीठ न तोडता. पुढे तेलंगणात हैदराबादजवळच्या २८ गावांत झालेल्या अभ्यासात खेड्याच्या हवेतले कण आणि रक्तदाब, तसंच मानेतल्या धमनीची वाढलेली जाडी यांचं नातं दिसलं. शहरात राहतो त्यालाच प्रदूषण, हा समज तिथं निकालात निघाला. बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकसाठी सरकारनं कारखाने आणि मोटारी आवरल्या, तेव्हा १२५ तरुणांच्या रक्तातली गोठण्याची खूण दाखवणारी द्रव्यं उतरली. खेळ संपले आणि ती पुन्हा चढली. तिथले तरुण धडधाकट होते हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे नियमांचा प्रवास हळू झाला. नागपूरला १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी म्हणून ओळखली जाणारी संस्था हवेची मापं घेत होती. हवेचा कायदा १९८१ चा. पण बारीक कणांना स्वतंत्र मर्यादा मिळाली ती थेट १८ नोव्हेंबर २००९ ला, वर्षाची सरासरी ४०, दिवसाची ६०. सहा शहरांचा निकाल छापल्याला तेव्हा सोळा वर्षं होऊन गेली होती. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादपाठोपाठ चौथं नाव चंद्रपूरचं. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या गर्दीत राहणारं विदर्भातलं हे शहर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली. आपली ४० च राहिली.

२०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. विदर्भातली चार शहरं त्यात आली, नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला. वाशीम जिल्ह्यातलं एकही गाव नाही. यादी शहरांची आहे, त्यामुळे कागदावर ते बरोबर असेल. हवेच्या दृष्टीनं बरोबर नाही. अडीच मायक्रॉनचा कण दिवसच्या दिवस तरंगत शेकडो किलोमीटर जातो. अकोल्याची महापालिका हद्द त्याला अडवत नाही, पारसच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांचा धूरही जिल्हा पाहून थांबत नाही.

आणि मालेगावचा स्वतःचा धूर काही कमी नाही. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मेहकरकडे जाणारा जुना महामार्ग इथं भेटतात. जड वाहनं गिअर बदलतात ती भर वस्तीत. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला, तोही याच जिल्ह्यातून जातो. आश्विन-कार्तिकात सोयाबीन निघालं की गावागावांत मळणी यंत्रं लागतात. कुटाराचा भुगा आणि डिझेलचा धूर एकाच हवेत, आणि यंत्रापाशी तोंडाला उपरणं बांधलेला मजूर. उपरण्यानं भुसा अडतो, डिझेलचा बारीक कण त्यातून आरपार जातो. उन्हाळ्यात पेरणीपूर्वी धुरे पेटवतात. रात्री थंडीची शेकोटी, तिच्यात प्लास्टिकही जातं. आणि या सगळ्यांच्या आधी, पहाटे, न्हाणीतली पाणी तापवायची चूल.

न्हाणीतल्या या चुलीवर मी जोर देतो, कारण तिच्याकडे सर्वांचं दुर्लक्ष होतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियात सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. इतक्या कमी काळात इतक्या घरांत गॅस पोहोचवणं हे खरोखर मोठं काम होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सिलिंडर घरात आला म्हणून चूल घराबाहेर गेली असं होत नाही. चहा, भाजी गॅसवर. भाकरी चुलीवर, कारण ती तशीच चांगली लागते. अंघोळीचं पाणी चुलीवर, कारण तुराट्या शेतातून फुकट येतात. गुरांचं आंबवण शिजवायचं तेही चुलीवर.

इथं विज्ञानाचा एक कडू भाग सांगावा लागतो. २००९ मध्ये पोप आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरची हवा, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आणि स्वतः ओढलेली सिगारेट, सगळं एकाच आलेखावर ठेवलं. कण किती आणि हृदयाचा धोका किती, याची रेघ सरळ निघाली नाही. सुरुवातीला ती ताडकन चढते आणि पुढे सपाट होत जाते. अर्थ असा की थोडा धूरही काळजाला बरंच नुकसान करतो, आणि खूप धूर असलेल्या घरात तो निम्मा केला तरी फायदा त्या मानानं छोटा मिळतो. मोठा फायदा रेघेच्या खालच्या टोकाला आहे, जिथं हवा जवळजवळ स्वच्छ होते. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथं गरोदर बायांच्या घरी फुकट गॅस देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत बायांच्या श्वासातले कण खूप उतरले, पण गरोदरपणातला रक्तदाब उतरला नाही. बाया तरुण होत्या, काळ थोडा होता, हे खरं. त्यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. आधीच्या पन्नास वर्षांचा पुरावा त्यानं पुसला जात नाही. पण एक चूल विझवून भागेल ही आशा मात्र तोकडी पडते. शेजारच्या घरातली चूल, पेटलेला धुरा, फाट्यावरचे ट्रक, हे सगळं त्याच बाईच्या छातीत जातं.

देशाचा हिशोब पाहा. २०१९ या वर्षात भारतात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये छापून आला. त्यांतले सुमारे सहा लाख घरातल्या धुराच्या नावावर. या मृत्यूंमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा मोठा आहे. गावातल्या मृत्यूच्या दाखल्यावर मात्र धूर लिहिलेला नसतो. तिथं झटका असतो, नाहीतर म्हातारपण.

उज्ज्वलाच्या सिलिंडरवर मे २०२२ मध्ये २०० रुपयांचं अनुदान जाहीर झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झालं. सरकारी कागदात हा पैसा पेट्रोलियमच्या खात्यात दिसतो. तो हृदयविकाराच्या प्रतिबंधावरचा खर्च म्हणून मोजला, तर त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलेल. वर्षाला किती सिलिंडर दिले एवढ्यावर प्रश्न थांबणार नाही. न्हाणीतलं पाणी, गुरांचं आंबवण आणि धुऱ्यावरचा कचरा यांसाठी त्या घराला दुसरा कोणता मार्ग दिला, हेही विचारावं लागेल. सौर बंब, गोबरगॅस, कुटारापासून खत, ही नावं मालेगावच्या बाजारपेठेत कुणाला नवी नाहीत. एका घरानं नव्हे, अख्ख्या गावानं एकाच वर्षी चूल सोडली तर तिथल्या बायांचा रक्तदाब किती उतरतो, ही चाचणी वाशीम जिल्ह्यात करण्याजोगी आहे. त्यासाठी रक्तदाबाचं यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, आणि आशाताई प्रत्येक घर ओळखतात.